कॅसेटमध्ये न मावलेली धून

सहामाहीच्या तोंडी परीक्षा चालू होत्या तेव्हा पोरीचा फोन आला. ती पुण्याला नोकरी करते आणि मी शाळेत असताना कधी फोन करत नाही, म्हणून मी घाबरून वर्गाबाहेर आले आणि फोन उचलला. ती काही बोलेना. नुसता आवाज येत होता, चार भिंतींच्या आतला, माणसांच्या हळू बोलण्याचा. मग त्यातून गिटार ऐकू आली आणि मी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी राहिले.

"आई, तुझं गाणं," पोरगी म्हणाली. "इथं दुकानात लावलंय!"

आमच्या घरात त्या धुनेला दुसरं नावच नव्हतं. ते गाणंही नव्हतं खरं तर, त्यात शब्द नव्हते, गाणारा नव्हता. पण वाजवणारा कोण, वाजवलंय काय, हे कुणालाच माहीत नव्हतं, मग नाव ठेवणार काय? आईचं गाणं. पोरगी दोन वर्षांची असल्यापासून असंच म्हणत आलेली.

ते माझ्याकडं आलं कसं ते आधी सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, माजलगावच्या धरणाच्या कामावर जीपचे ड्रायव्हर होते. आम्ही इरिगेशनच्या कॉलनीत राहायचो. आमच्या चाळीसमोर साहेबांचे क्वार्टर होते आणि त्यातल्या एकात गोव्याकडचे एक सर्व्हेअर एकटेच राहायचे. कालवा जिथून जायचा होता तिथं दिवसभर दुर्बीण लावून मोजमाप करायचं हे त्यांचं काम, आणि त्यांना घेऊन फिरायचं हे अण्णांचं. त्यांना आमच्या ज्वारीच्या भाकरीची गोडी लागली होती. आई संध्याकाळी त्यांच्यासाठी डबा करायची आणि तो मी पोचवायचे. मी तेव्हा नववीत होते.

त्यांच्याकडं एक मोठा टेपरेकॉर्डर होता. कॉलनीत इतरांच्या घरी लता असायची, भजनं असायची, कव्वाल्या असायच्या. ह्यांच्याकडं मात्र हे वेगळंच काहीतरी वाजायचं. एक गिटार, मागं झाडूनं अंगण लोटल्यासारखा बारीक ताल, आणि खाली एक जाड आवाज, धिम्या पावलांनी चालणारा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डबा हातात धरून विचारलं होतं, "सर, ह्यात गाणारा कुठंय?"

"हाच गाणारा," ते म्हणाले. "तोंड मिटून गातो."

मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी मी रिकामा डबा न्यायला गेले आणि दारात बसूनच ऐकलं. मग ती सवयच लागली. ते त्यांच्या नकाशांवर पेन्सिल चालवत बसायचे, मी उंबऱ्यावर बसायचे, दोघं काही बोलायचो नाही. ह्याला जॅझ म्हणतात एवढं त्यांनी सांगितलं. वाजवणाऱ्याचं नाव मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. मडगावच्या एका मित्राकडं रेकॉर्ड होती, तिच्यावरून घाईघाईत भरून घेतलेली ती कॅसेट. कोऱ्या कॅसेटवर लेबल लावायचंही राहून गेलं होतं.

त्या कॅसेटमधली शेवटची धून मला सगळ्यांत आवडायची, आणि नेमकी तीच अर्धवट होती. गिटार एकेक पायरी वर चढत जायची, चढत जायची, आता काहीतरी होणार असं वाटायचं आणि खट्! बटण वर. टेप संपली.

"पुढं काय होतं?" मी विचारलं.

ते कपाळाला हात लावून हसले. "कॅसेट छोटी पडली गं. मी ती रेकॉर्ड एकदाच ऐकलीय. मला आता आठवत नाही."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांची बदली झाली. ते गेले त्या संध्याकाळी अण्णांनी खिशातून रुमालात बांधलेली ती कॅसेट काढून माझ्या हातात दिली. "सायबानं दिली," एवढंच म्हणाले. घरी टेप नव्हता. दिवाळीला अण्णांनी कुणाकडून तरी जुना घेतला तोपर्यंत मी ती नुसती हातात घेऊन बघायचे. साहेबांना माझी आवड कळली, त्यांनी आठवणीनं माझ्यासाठी ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

लग्न होऊन मी बीडला आले तेव्हा कॅसेट माझ्या पेटीत होती. आमच्या ह्यांचं मोटारपंपाच्या स्पेअरपार्टचं दुकान. संगीताचं म्हणाल तर सोमवारी शंकराच्या आरतीला टाळ वाजवायचे तेवढंच. पहिल्यांदा मी ती कॅसेट लावली तेव्हा ह्यांनी विचारलं, "हे काय हाय?"

"जॅझ."

"जाजम म्हण. मग अंथरून बसता तरी येईल."

पण माणूस ऐकत राहिला. दुकानातून जेवायला आले की मी स्वयंपाकघरात ती लावलेली असायची, आणि हळूहळू ह्यांच्या कानात ती बसली. आंघोळीला गेले की शीळ घालायचे. तीच शेवटची धून. आणि ह्यांच्या स्वभावाला अर्धवट काही चालत नाही. उघडलेली मोटार बंद केल्याशिवाय घरी न येणारा माणूस. जिथं कॅसेट तुटायची तिथं ह्यांनी स्वतःचा शेवट जोडून टाकला. आरती संपताना टाळ जसे दणादण वाजतात ना, तसा. वर चढलेली धून धाडधाड खाली आणायची आणि तीन ठोके देऊन थांबवायची. पोरगी हेच ऐकत मोठी झाली. तिला बरीच वर्षं वाटायचं की धून अशीच आहे.

कॅसेट पुढं खराब झाली. एकदा टेपनं ओढून घेतली, मी पेन्सिल घालून गुंडाळली. दुसऱ्यांदा तुटली, चिकटपट्टी लावली. मग तिच्यावर बुरशी आली. मग टेपही गेला. पण शीळ होती. एवढ्या वर्षांत मी कुठं शोधलं नाही असं नाही. पोरीनं कॉम्प्युटरवर, मोबाइलवर खटपट केली. नाव नसलेली गोष्ट शोधायची कशी? मी गुणगुणायचे, ती मोबाइल तोंडासमोर धरायची, आणि मोबाइल भलतंच काहीतरी दाखवायचा.

आणि आता ती पुण्याच्या एका रेकॉर्डींच्या दुकानात मैत्रिणीबरोबर सहज शिरली होती आणि तिथं ते वाजत होतं. तिनं मला सगळं एका दमात सांगितलं. जुना गिटारवादक. तरुणपणी थोडेसे अल्बम केले होते. ते काढणारी कंपनी बुडाली आणि रेकॉर्डी मिळेनाशा झाल्या. आता दुसऱ्या कुणीतरी मूळ टेप शोधून, साफ करून त्या सगळ्या एका पेटीत नव्यानं काढल्या होत्या.

"आणि शेवट?" मी विचारलं. माझ्या मागं वर्गात पोरांचा गोंधळ चालू झाला होता.

"ऐकला नाही. तो भाग आला तशी मी दुकानदाराला म्हटलं, थांबवा, थांबवा. त्याला वाटलं मला बरं वाटत नाहीये. दिवाळीला घेऊन येते. तिघं मिळून ऐकू."

मी वर्गात गेले आणि पुढच्या मुलाला त्रिकोणाचे प्रकार विचारले. तो चुकला तरी मी त्याला पूर्ण गुण दिले असावेत.

पाडव्याच्या दुपारी ती पेटी आमच्या दिवाणखान्यात उघडली. पोरीनं एक लहानसा रेकॉर्ड प्लेअरही आणला होता. मला वाटलं होतं जुन्या वस्तूला जुना वास येईल. ह्या रेकॉर्डी नव्या कोऱ्या होत्या, काळ्या, चकचकीत, नव्या पुस्तकासारखा वास. सोबत एक पुस्तिका होती आणि तिच्यात त्या माणसाचा फोटो. साध्या लाकडी खुर्चीवर बसलेला, अंगात स्वेटर, मान खाली, केस विरळ. मी त्या फोटोकडं बघतच राहिले. इतकी वर्षं मी ह्या माणसाला नकळत सर्व्हेअर साहेबांचा चेहरा लावला होता.

"काय लिव्हलंय?" ह्यांनी विचारलं. मी वाचून सांगितलं. रेकॉर्डी फार खपल्या नव्हत्या. कंपनी बंद पडल्यावर तो एका शाळेत मुलांना संगीत शिकवायला लागला आणि शेवटपर्यंत तेच करत राहिला. आता तो नाही.

"म्हंजे मास्तर झाला की," हे म्हणाले. "तुझ्यासारखाच." आणि त्यांना एकदम त्याच्याबद्दल आपुलकी वाटायला लागली. खुर्ची पुढं ओढून बसले.

पोरीचं म्हणणं, पहिल्यापासून क्रमानं ऐकू. ह्यांनी ऐकलं नाही. "आधी तेच लाव. बाकीचं काय पळून जायलंय का?"

सुई टेकली. पहिल्या सुरालाच मला माजलगावचा तो उंबरा आठवला, मांडीवर ठेवलेला गरम डबा आठवला. पण आवाज! आमच्या कॅसेटमध्ये सगळं पोत्यात बांधल्यासारखं होतं. आता बोटं तारेवरून सरकतात तो बारीक घासलेला आवाजसुद्धा येत होता. एका जागी तो माणूस वाजवताना घशातल्या घशात हुंकार देतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. सर्व्हेअर साहेब म्हणायचे ते खरं होतं म्हणायचं, तो तोंड मिटून गात होता.

मग ती चढण आली. पायरी, पायरी, पायरी. माझं अंग त्या खट् आवाजाची वाट बघायला लागलं. पोरीनं माझा हात धरला होता. हे डोळे मिटून बसले होते.

खट् झालं नाही.

गिटार वर गेली आणि तिथंच थोडी रेंगाळली. मग तिनं बाजूला होऊन त्या जाड आवाजाला वाट दिली. तो एकटाच चालत राहिला, अगदी सावकाश, आणि गिटार मधूनच एखादा सूर टाकायची, बोलणाऱ्याला हुंकार भरावा तशी. शेवटी तिनं सुरुवातीची ओळ एकदाच वाजवली, पहिल्यापेक्षा हळू, आणि सोडून दिली. संपलं.

सुई आतल्या रिकाम्या जागेत खरखरत फिरत होती.

"एवढंच?" हे म्हणाले.

"पप्पा!"

"न्हाई, चांगलं हाय. पण एवढं वर चढायचं आन् मग असं गपचूप निघून जायचं, हे कावून? माझा शेवट बरा हाय." आणि त्यांनी तिथल्या तिथं शीळ घालून तीन ठोक्यांसकट तो वाजवून दाखवला. पोरगी हसून हसून गादीवर पडली.

मी हसले, पण खरं सांगायचं तर माझाही थोडा हिरमोड झाला होता. इतकी वर्षं मनात त्या जागेच्या पुढं काय काय उभं केलं होतं मी. दुसऱ्या दिवशी बापलेक बाजारात गेले तेव्हा मी एकटीनं ती पुन्हा लावली. चकल्यांचे डबे भरता भरता ऐकली. मग पुन्हा एकदा, हातातलं काम टाकून. आणि तिसऱ्यांदा ऐकताना मला तो शेवट आवडला. पोचल्यावर आरडाओरडा न करता चपला काढून घरात येणाऱ्या माणसासारखा होता तो. दुपारभर मी त्याच आनंदात होते. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू मास्तरीन हायेस, तू त्या मास्तराचीच बाजू घेणार."

हुरड्याच्या दिवसांत आम्ही अण्णांना भेटायला तलवाड्याला गेलो. निवृत्तीनंतर अण्णा गावाकडं माझ्या भावाजवळ राहतात. ऐंशीच्या पुढं गेलेत, गुडघे बोलतात, पण कान शाबूत आहेत. पोरीनं सुट्टी काढली होती आणि रेकॉर्ड प्लेअर मांडीवर घेऊनच गाडीत बसली होती.

घरी पोचलो आणि लाईट नव्हती. "जेवन झाल्यावर येती," वहिनी म्हणाली. मग आम्ही ओसरीवर बसलो. समोर हुरड्याचं ताट होतं, सोबत तिळाची चटणी. अण्णांनी पुस्तिकेतला फोटो लांब धरून बघितला, मग मला विचारलं, "ही सर्व्हेअर सायबाचीच गानी न्हवं?"

"हो अण्णा. त्यांनी जाताना मला कॅसेट दिली होती ना, तीच."

"त्यांनी कशाची दिली! मी मागून घेतली."

मला वाटलं त्यांची काहीतरी गल्लत होतेय. पण अण्णा दाणे चोळत निवांत सांगायला लागले.

"सायब निघाले तवा सामान वाटायलते. वाचमनला खाट दिली. माळ्याला स्टो दिला. मला म्हनले, डायव्हर, तुमी टेबलफॅन घेऊन जा. चांगला होता, मान हलवनारा. मी म्हनलं, सायब, फॅन राहू द्या. आमची पोरगी डबा घेऊन येती तुमच्याकडं आन् घंटा घंटा परत येत न्हाई. ती जे काय ऐकती ते द्या."

"मग?"

"हसले. म्हनले, फॅनबी न्या, कॅसेटबी न्या. पन एका मान्सानं दोन वस्तू कशा घ्यायच्या? बाकीचे बगायलते. मी कॅसेट घेतली."

हे तोंडात हुरडा तसाच ठेवून ऐकत होते. "मामा, फॅन सोडला? माजलगावच्या उन्हाळ्यात?"

"तुमची सासू काय कमी बोलली का मला?" अण्णा हसायला लागले. "घरात टेप न्हाई आन् ह्यो मानूस फॅन सोडून कॅसेट घेऊन आला. तो उन्हाळा लई जड गेला. रात्री पुठ्ठ्यानं वारा घ्यायची आन् माझ्याकडं बगायची. बोलायची न्हाई, नुसती बगायची. दिवाळीला टेप आनला तवा कुठं शांत झाली. मग तीच म्हनायची, लाव गं ते."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तो उन्हाळा मला चांगला आठवत होता. आम्ही अंगणात ओली चादर अंथरून झोपायचो. आई चिडचिड करायची, ती उकाड्यानं असं मी धरून चालले होते. तिनं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. माझ्या कॅसेटपायी घरात फॅन आला नाही, हे तिनं कधी माझ्या अंगावर टाकलं नाही.

"अण्णा, मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"त्यात काय सांगायचं?" ते म्हणाले आणि चोळलेला सगळा हुरडा त्यांनी माझ्या हातावर ओतला.

मी तो खाल्ला. डोळे भरून आले होते, पण ते वाईट वाटून नव्हे. पोरगी माझ्याकडं बघत होती, मग आजोबांकडं बघत होती, आणि तिनं एकदम उठून त्यांच्या गळ्यात हात टाकले. "अगं, चटनी सांडल," अण्णा म्हणाले.

जेवणं झाली आणि लाईट आली. लांब विहिरीवरची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, तसे ह्यांनी सवयीनं कान दिले आणि "बेअरिंग गेलंय" म्हणून टाकलं. पोरीनं ओसरीवरच प्लेअर मांडला. अण्णा खांबाला टेकून बसले. अख्खी बाजू त्यांनी न बोलता ऐकली. मधे फक्त एकदा "तबला न्हाई का ह्यात?" म्हणाले.

संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

त्यांनी थोडा विचार केला. "गडी चांगला डायव्हर हाय," ते म्हणाले. "गेर बदलल्यालं कळत न्हाई."

मग त्यांनी रेकॉर्ड उलटी करायला सांगितली. खरं म्हणजे ती दुसरी बाजू आम्हीही नीट ऐकलेली नव्हती. बीडला आमची गाडी त्या एका धुनेवरच अडली होती. त्या दुसऱ्या बाजूवर पहिलंच एक निवांत, डुलत चालणारं काहीतरी होतं. वहिनी भांडी घासायचं सोडून पदराला हात पुसत दारात आली. पुरतं ऐकलं आणि पोरीला म्हणाली, "हे माझ्या फोनवर येतं का गं?"

"येतं की मामी. नव्यानं काढलंय ना, आता फोनवरपण मिळतं." पोरीनं तिथल्या तिथं तिला ते लावून दिलं. वहिनी फोन घेऊन गोठ्याकडं गेली.

परवा रविवारी मी अण्णांची चौकशी करायला तिलाच फोन लावला. मागं तेच वाजत होतं. मी विचारलं, वहिनी, काय करायलीस? म्हणाली, धार काढायले. नवीन म्हैस हाय, लाथा झाडायची, पन हे लावलं की कान हलवत उभी राहती बगा. तिच्या बोलण्याच्या मधून मधून गिटार ऐकू येत होती आणि बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज. मी म्हटलं, तुझं होऊ दे, मी थांबते. आणि फोन कानाला तसाच लावून मी माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले.